सव्वीस किल्ल्या

माझ्या शिवणयंत्राच्या वर, भिंतीवर
सव्वीस किल्ल्या टांगलेल्या आहेत.
प्रत्येकीला चिंधी बांधली आहे मी,
त्या त्या घरच्या बाईच्या ब्लाऊजपिसाची.
मोरपंखी ती प्रतिभा मयेकरची, बोरिवलीला असते.
शेवाळी, जरीचा एक धागा सुटलेली, पावसकरांच्या थोरलीची.
ती आता नाही. किल्ली आहे.

चोर आले कुबलांच्या मागीलदारी,
माघातल्या अंधाऱ्या रात्री.
घंगाळ नेलं, समयांची जोडी, देव्हाऱ्यातले चांदीचे टाक,
विहिरीवरच्या पंपाची वायर सोलून तांबं तेवढं नेलं,
आणि चूल पेटवून कोरा चहा केला.
पिऊन झाल्यावर कप धुतले,
फळीवर पालथे घातले.
मला त्या कपांचीच भीती जास्त वाटली.
कुणालाही घाई नव्हती.

हवालदाराने विचारलं, वाडीत घरं किती?
एकेचाळीस.
बंद किती?
आम्ही एकमेकांकडे पाहिलं, बोटांवर धरली,
दोनदा चुकलो, मग निघाली सव्वीस.
चोरांनी ती आधीच मोजली होती.

जाळ्यांच्या मांगरात बैठक बसली.
कॅमेरे बसवायचे ठरत होते,
तेवढ्यात वीज गेली.
काळोखात मुरारी खवळ्यांनी खिशातून शिट्टी काढली.
एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर,
नियम त्यांचा तोच: एक वाजली तर थांबा, दोन वाजल्या तर चला,
सलग वाजत राहिली तर उठा
आणि चपला शोधू नका.

गस्तीच्या जोड्या चिठ्ठ्यांवर पडल्या.
मंगळवारी निघाले दाजी सारंग आणि वसंत तांडेल.
दोघांच्या मधे एक गडगा,
सात वर्षांचा अबोला
आणि देवगडच्या कोर्टातली पुढची तारीख.
कुणी हसलं नाही.
चिठ्ठी परत टाकूया, असंही कुणी म्हणालं नाही.

तीन मंगळवार ते चालले
पाणंदीच्या दोन कडांनी, दोन बॅटऱ्या घेऊन,
जणू एकमेकांवरच गस्त घालत.
चौथ्या मंगळवारी मी काजं करत जागी होते.
खिडकीखालून आवाज आला,
"पाय सांभाळ, चिरो सुटलोहा."
मग बराच वेळ नुसती गाज.
"कोणाचो चिरो?"
"ता उद्या उजेडात बघूया."

शिमग्याच्या अलीकडे टेम्पो आला.
नंबरावर चिखल, दिवे विझवलेले,
वळणावरच्या माडाखाली उभा राहिला.
शिट्टी वाजली आणि थांबलीच नाही.
किल्ल्या संध्याकाळीच वाटलेल्या असतात,
कुणाकडे एक, कुणाकडे दोन.
बंद घरांतले दिवे लागत गेले,
वरच्या आळीचे, मग खालच्या, मग खाडीकाठचे,
ज्यांचे बल्ब लुकलुकले तेसुद्धा.
दाजीच्या एका पायात चप्पल होती, एक अनवाणी.
टेम्पो मागे मागे गेला, माझी फणसाची रोपटी चिरडत,
आणि हमरस्त्याला लागला.

सकाळी इकबाल होडेकर दर्यातून आला,
टोपली उतरवायच्या आधी विचारतो,
"रात्री गणपती होते काय गो?
बाहेरून वाडी भरलेली दिसली."

चोर सापडले नाहीत.
टाक मिळाले नाहीत.
गडग्याची तारीख पुढे गेली, ती सगळ्याच तारखा जातात तशी.
दाजी आणि वसंत अजून मंगळवारीच बोलतात,
तेही बॅटरीच्या सेलबद्दल.

माझ्या वाट्याला शेवाळी चिंधीचं घर.
रोज दिवेलागणीला जाते,
कुलपाला हात लावण्याआधी कडी वाजवते
आणि थोडी थांबते.
न विचारता आत शिरणारे वेगळे.
मग कुलूप काढते,
दिवा लावते,
फळीवरचे कप बघते.